खरेदीखत होऊन चौदा महिने झाले

मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई यांना खुलं पत्र

स.न.वि.वि.

घराचं खरेदीखत होऊन चौदा महिने झाले, तरी घरपट्टीला आणि सोसायटीत माझं नाव लागलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे भारत प्रतिभूती मुद्रणालयात, चौतीस वर्षं नोकरी केली. १९२५ पासून हा छापखाना इथे आहे. पासपोर्ट, टपाल तिकिटं, नॉन ज्युडिशियल स्टॅम्प पेपर इथे छापले जातात. माझी बरीचशी वर्षं कागद मोजण्यात आणि तपासण्यात गेली. शाई पसरलेला ताव बाजूला, नंबर हललेला बाजूला, कोपरा दुमडलेला बाजूला. मोजणी जुळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. मी मोजलेल्या कागदांवर किती लोकांची घरं नावावर झाली असतील याचा हिशेब मी कधी केला नाही, पण मनात ते असायचं.

निवृत्तीनंतर नेहरूनगरचं क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही जेलरोडला एक वन बीएचके घेतला. जुना, म्हणजे रिसेलचा. सोळा फ्लॅटची बिल्डिंग, दुसरा मजला, किंमत ३१ लाख. पीएफ, ग्रॅच्युइटी, यजमानांची कंपनी बंद पडताना मिळालेले पैसे, सगळं त्यात गेलं. कर्ज काढलं नाही. साठी उलटलेल्या माणसाला गृहकर्ज मिळणं अवघड असतं, आणि मिळालं तरी हप्ता भरणार कशातून?

आमच्याकडे याला ‘कॅशमध्ये घर घेतलं’ म्हणतात. गैरसमज नको म्हणून सांगते, एकही रुपया नोटांत दिलेला नाही. एजंटाने सुचवलं होतं की थोडी रक्कम वरून द्या, खरेदीखतात कमी दाखवू, स्टॅम्प ड्युटी वाचेल. आम्ही नाही म्हणालो. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. आणि कायदा नसता तरी दिली नसती. सगळे पैसे आरटीजीएसने गेले. मुद्रांक शुल्क ऑनलाइन चलनाने भरलं. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतल्यामुळे महिलांची एक टक्क्याची सवलत मिळाली, त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार. नोंदणी फी ३०,००० भरली.

खरेदीखताची नोंदणी होऊन आता चौदा महिने झाले. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा, माझ्या नावाचा आहे. घरपट्टी आधीच्या मालकांच्या नावाने येते. सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट त्यांच्याच नावाचा आहे. बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तिच्या सातबाऱ्यावर दसक शिवारातल्या तीन भावांची नावं आहेत, त्यांतले दोघे वारले. वीजबिलावरचं नाव तेवढं दुसऱ्या महिन्यात बदललं.

हे पत्र तुम्हालाच का? दस्त नोंदणी आणि जमिनीचे अभिलेख महसूल खात्याकडे, सोसायट्या सहकार खात्याकडे, घरपट्टीचा कारभार नगरविकासाच्या अखत्यारीत. मी ज्या ज्या टेबलापुढे उभी राहिले त्या प्रत्येकाने पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं. ही सगळी खाती जिथे एकत्र येतात ते टेबल तुमचं आहे. कुठल्या कार्यालयात काय झालं त्याची नावं मी लिहीत नाही. एखाद्या कारकुनाची बदली करून हे सुटणारं नाही. त्या टेबलांवरची माणसं बहुतेक वेळा माझ्याशी नीट बोलली, काम मात्र झालं नाही.

सुरुवात अंगठ्यापासून करते.

मार्चअखेर होती. १ एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे स्टॅम्प ड्युटी ज्यावर मोजतात ते सरकारी दर बदलतील या भीतीने सगळं नाशिक त्या आठवड्यात दस्त नोंदवायला आलेलं असतं. टोकन असूनही तीन तास बसलो. आमचा नंबर आला, फोटो झाला, आणि मशीनवर अंगठा ठेवला तर तो उमटेना. डावा ठेवला, उजवा ठेवला. ऑपरेटरने काच पुसली, मला हात धुऊन यायला सांगितलं, मग थोडं खोबरेल लावून बघा म्हणाला. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “आजी, उद्या या.” चौतीस वर्षं कागद सरकवून सरकवून माझ्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, हे मला त्या दिवशी कळलं. निवृत्त होताना कोणी सांगितलं नव्हतं. अकराव्या खेपेला तो कसाबसा उमटला. बांधकामावरची माणसं, धुणीभांडी करणाऱ्या बायका, द्राक्षबागेत वर्षानुवर्षं औषध फवारणारे शेतकरी, यांचे अंगठे माझ्यापेक्षा वाईट असतील. त्यांनी काय करायचं?

त्या दिवशी विकणारे काकाही शेजारी होते. वय अठ्ठ्याहत्तर. घर विकून ते पुण्याला मुलाकडे राहायला गेले. त्यांनी सही केली, अंगठा दिला, फोटो दिला, दोन साक्षीदारांनी ओळख पटवली. शासनाच्या अधिकाऱ्यासमोर त्यांनी सांगितलं की पैसे मिळाले, घर दिलं. याहून मोठा पुरावा कुठला असतो, हे मला आजही कळलेलं नाही. कारण त्यानंतर प्रत्येक ठिकाणी मला एकच वाक्य ऐकायला मिळालं: “आधीच्या मालकाची सही आणा.”

घरपट्टीला नाव लावायचं, त्यांची संमती आणा. सोसायटीला त्यांचा राजीनामा आणि ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, नमुना जुना निघाला म्हणून पुन्हा तोच अर्ज. नाशिकरोडहून सिन्नर, संगमनेर करत एसटीने पुणे, एका वेळेचे पाच-साडेपाच तास. अर्ध्या तिकिटाची सवलत आहे म्हणून परवडलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा काका म्हणाले, “अहो ताई, मी सही करून मोकळा झालो होतो ना?” मला उत्तर देता येईना. तिसऱ्यांदा फोन केला तर ते दवाखान्यात होते. मी कागदाचा विषयही काढला नाही. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर त्यांच्या तिन्ही मुलांच्या सह्या मागतील, आणि त्यांतली एक मुलगी परदेशात आहे. हे मनात येतं आणि असं मनात आल्याची मला लाज वाटते. एका म्हाताऱ्या माणसाच्या आजारपणात मी माझ्या घरपट्टीचा विचार करावा, अशी वेळ माझ्यावर कोणी आणली?

माझ्या भावाने सिन्नर तालुक्यात दीड एकर जमीन घेतली. दस्त झाला, माहिती ई-फेरफारमध्ये, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायच्या ऑनलाइन यंत्रणेत, गेली, तलाठ्याकडून पंधरा दिवसांची नोटीस निघाली, कोणी हरकत घेतली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. विकणाऱ्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही. जमीन महसूल संहितेत तशी व्यवस्था १९६६ पासून आहे: दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यानेच तलाठ्याला कळवायचं. संगणकाने ती आणखी सोपी केली. म्हणजे शासनाला हे जमतं. शेताच्या बांधापर्यंत जमलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटपर्यंत का जमत नाही?

मी तलाठी कार्यालयातही गेले होते, इंडेक्स टू घेऊन. तिथे सांगितलं की सोसायटीतल्या फ्लॅटची नोंद सातबाऱ्याला होत नाही. नियम तसा असेल तर ठीक. पण मग माझ्या मालकीची नोंद शासनाच्या कुठल्या हक्काच्या दप्तरात होते? खरेदीखत नोंदवलं म्हणजे दस्ताची नोंद झाली, हक्काची नव्हे, असं मला वकिलांनी सांगितलं. हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी, सगळे पैसे देऊन झाल्यावर कळलं.

आता कर्जाचं. आमच्याच मजल्यावर त्याच महिन्यात एका तरुण जोडप्याने घर घेतलं, कर्ज काढून. चांगली पोरं आहेत, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. त्यांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे घराच्या आधीच्या व्यवहारांची तपासणी, बँकेच्या वकिलाने काढला, तीस वर्षांचा. बँकेचं छापील पत्र गेल्यावर सोसायटीने आठ दिवसांत लेटरहेडवर ना-हरकत दिली. त्यांच्या फ्लॅटच्या आधीच्या मालकांच्या जुन्या कर्जाचा बोजा बँकेने आपल्याच माणसाकडून उतरवून घेतला. मी स्वतःच्या पैशाने वकील लावला, स्वतः सर्च काढायला लावला, मधल्या व्यवहाराची एक मूळ पावती सापडेना म्हणून दोन महिने वणवण केली. काकांचं कर्ज कधीच फिटलेलं होतं, तसं पत्रही होतं, पण सोसायटीच्या रजिस्टरमधला बोजा कोणी खोडलेला नव्हता. तो खोडायला पाच महिने लागले.

कर्जदाराला संरक्षण मिळतं याचा मला आनंदच आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये नियम केला की कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. म्हणजे बँकेच्या दारात ग्राहकासाठी घड्याळ लावलं गेलं आणि दर दिवसाची किंमत ठरली. जो माणूस आयुष्यभराची पुंजी एकरकमी देतो, ज्याच्यामागे कुठलीही बँक नाही, त्याच्यासाठी तुमच्या कुठल्या दारात घड्याळ आहे?

तुम्ही म्हणाल, लोकसेवा हक्क कायदा आहे. आहे, २०१५ चा. ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची, नाही दिली तर अपील, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. मी तो मराठीतून पूर्ण वाचला. पण मुदत सुरू होते ती अर्जाची पोच मिळाल्यापासून. मी घरपट्टीचा अर्ज चार वेळा दिला. पहिल्यांदा “ठेवून जा” म्हणाले. दुसऱ्यांदा अर्ज सापडला नाही. तिसऱ्यांदा एक कागद कमी निघाला. तो कमी आहे हे आधीच्या दोन वेळी कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्यांदा मी शिक्का मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा दीड तासाने शिक्का मिळाला. त्यावर आवक क्रमांक नाही, नुसती तारीख. या चार फेऱ्यांत साडेसात महिने गेले आणि कायद्याच्या हिशेबात ते दिवस झालेच नाहीत.

सोसायटीचंही लिहिते, कारण हे नाशिकमधल्या घराघरांत घडतं आणि शेजाऱ्यांशी वाकडं नको म्हणून सगळे गप्प बसतात. शासनाचं ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक आहे. महापालिका क्षेत्रात हस्तांतरणासाठी जास्तीत जास्त २५,००० रुपये अधिमूल्य (प्रीमियम), त्याशिवाय हस्तांतर फी ५०० आणि प्रवेश फी १००. देणगी किंवा दुसऱ्या कुठल्याही नावाखाली वरची रक्कम घ्यायची नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, असंही लिहिलं आहे की हस्तांतरणासाठी संस्थेच्या ना-हरकत पत्राची गरज नाही. मला तोंडी ५०,००० सांगण्यात आले, लिफ्टच्या कामासाठी. पावती मिळेल का विचारलं तर हो म्हणाले, पण ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून. मी २५,६०० चा चेक दिला. तो घेतला नाही, परतही पाठवला नाही, सेक्रेटरींच्या टेबलाच्या काचेखाली ठेवून दिला. मी जाता-येता तो बघत होते. तीन महिन्यांनी तो शिळा झाला, दुसरा लिहून दिला.

तीन महिन्यांत संस्थेने काहीच निर्णय कळवला नाही तर अर्जदार सदस्य झाला असं मानायचं, ही तरतूद सहकार कायद्यात आहे. मानायचं कोणी? मी मानते. सेक्रेटरी मानत नाहीत. वार्षिक सभेला मला दारात थांबवलं, “अजून तुमचं नाव रजिस्टरला नाही.” मेंटेनन्स मात्र पहिल्या महिन्यापासून माझ्याकडून घेतला जातो. उपनिबंधकांकडे जा, असं वकील सांगतात. जाईन. पण त्याच जिन्याने रोज चढ-उतार करायची आहे, अडीअडचणीला रात्री-बेरात्री त्याच लोकांचं दार वाजवायचं आहे. भांडण कोर्टकचेरीत न नेता नियमाने सुटावं म्हणूनच नियम करतात ना?

जमिनीचा प्रश्न मात्र मला सगळ्यांत जास्त छळतो. सोसायटी नोंदवल्यानंतर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची, असं १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्याखालचे नियम सांगतात. आमच्या बिल्डिंगला पंचवीसहून अधिक वर्षं झाली. बिल्डर केव्हाच दुसरीकडे गेला. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डर आला नाही तरी जमीन संस्थेच्या नावे करून घ्यायची, सोय २००८ पासून आहे, पण त्यासाठी सदस्यांनी एकत्र यावं लागतं, कागद गोळा करावे लागतात, आणि अर्धे फ्लॅट भाड्याने आहेत. उद्या बिल्डिंग पाडून नव्याने बांधायची वेळ आली तर आम्ही कोणत्या हक्काने बोलणार? मी घर घेतलं तेव्हा हे मला कोणी सांगितलं नाही. एजंटाने नाही, सोसायटीने नाही, नोंदणीच्या वेळी नाही. बँक असती तर तिच्या वकिलाने अहवालात एक ओळ तरी लिहिली असती. माझ्या वकिलांनी लिहिली होती. इंग्रजीत, सहाव्या पानावर. मी ती वाचली, पण समजली नाही. ती चूक माझी.

म्हणून माझ्या मागण्या मांडते. एकट्या माझ्या कामासाठी नाहीत.

निवासी घराचं खरेदीखत नोंदवलं की त्याची माहिती शेतजमिनीसारखीच आपोआप पुढे जाऊ द्या: महापालिकेच्या घरपट्टी विभागाला, आणि सोसायटी असेल तर तिच्या नोंदणीकृत पत्त्यावर. हरकतीला पंधरा दिवस द्या. कोणी हरकत घेतली नाही तर नाव बदला. विकणाऱ्याने अधिकाऱ्यासमोर दिलेली सही आणि अंगठा शासनाच्या प्रत्येक कार्यालयाला पुरेसा मानला जाईल, असा लेखी आदेश काढा. ही एकच गोष्ट झाली तरी पुण्याच्या फेऱ्या थांबतील.

अर्जाला त्याच दिवशी, त्याच टेबलावर, आवक क्रमांकासह पोच. कागद कमी असेल तर सगळे कमी कागद एकाच वेळी लेखी सांगा. नाकारायचं असेल तर कोणत्या नियमाने, ते लिहा. “साहेब नाहीत” हे कारण कागदावर आलं पाहिजे, म्हणजे ते किती वेळा आलं हे मोजता येईल.

उशिराला दर दिवसाची भरपाई ठेवा आणि ती अर्जदाराला द्या. रिझर्व्ह बँकेएवढी मागत नाही. दिवसाला १०० रुपये ठेवा. रक्कम महत्त्वाची नाही, कोणाच्या तरी हिशेबात ती दिसली पाहिजे.

इंडेक्स टू देताना सोबत एक पानी मराठी पत्रक द्या. घर नावावर करण्यासाठी पुढे कुठे जायचं, किती फी, किती दिवस, सोसायटी जास्तीत जास्त काय घेऊ शकते. आणि त्याच पानावर ठळक अक्षरांत: या इमारतीची जमीन आज कोणाच्या नावावर आहे, अभिहस्तांतरण झालं आहे का. हे पत्रक विकत घेणाऱ्याच्या हातात पैसे देण्याआधी पडलं तर फार बरं.

अभिहस्तांतरण रखडलेल्या इमारतींची प्रभागवार यादी जाहीर करा आणि त्यांच्यासाठी शिबिरं घ्या. मतदार नोंदणीची, आधारची शिबिरं आमच्या जेलरोडला होतात, ही का होऊ नयेत?

आणि अंगठा. ज्यांचा उमटत नाही त्यांच्यासाठी डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवायची सोय प्रत्येक नोंदणी कार्यालयात ठेवा. खोबरेल तेलाची बाटली तिथे कपाटात होती, म्हणजे माझ्याआधीही कितीतरी जणांना ती लागली असणार.

हे पत्र मी स्पीड पोस्टानेही पाठवते आहे. सोबत इंडेक्स टूची प्रत, शिक्का असलेल्या अर्जाची प्रत आणि घरपट्टीच्या शेवटच्या बिलाची प्रत जोडली आहे. बिलावर काकांचं नाव आहे. ते मी मुदतीत भरलं आहे.

आपली,
एक सेवानिवृत्त प्रेस कामगार
जेलरोड, नाशिकरोड